पाटा तुटला

डेन्व्हर, नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार वगैरे. आठ महिने फोन नाही, पत्र नाही, आणि आता लिहितोय ते पिकअपच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणून. शिव्या एकदम घाल, हप्त्याहप्त्यानं नको. साखर काठावर, गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक.

तर पाटा. १९९८ साली खंबाटकी घाटात, टेम्पोत भरलेल्या आल्याच्या पोत्यांखाली जो ‘खाट्’ झाला होता, तोच आवाज. फक्त या वेळी दहा हजार फुटांवर, फ्लॅट टॉप्सच्या जंगलात, बर्फ वितळून झालेल्या चिखलात. शेजारी बसलेल्या, शिकारीतल्या माझ्या सोबती म्हाताऱ्याला वाटलं कुणी गोळी झाडली. मी म्हटलं, नाही, मागचा डावा पाटा. तो माझ्याकडे बघतच राहिला. खाली उतरून बघितलं, तर डावाच!

मग तुझंच औषध केलं. अ‍ॅक्सल आणि चासीच्या मध्ये ओंडका कोंबला, पट्ट्यानं आवळला आणि पहिल्या गिअरमध्ये अठरा मैल. बाभूळ असती तर प्रश्न नव्हता. इथलं अ‍ॅस्पेनचं लाकूड भुसभुशीत, दोनदा चेंदामेंदा झालं. म्हातारा तिसरा ओंडका तोडता तोडता म्हणाला, हे कुठे शिकलास? मी म्हटलं, एका मूर्ख मित्राकडून. राग मानू नकोस, इंग्रजीत ते प्रेमळ वाटलं.

आता खरी गोष्ट. तीन वर्षं मी ही पिकअप सजवतोय, तुला फोटो पाठवले होतेच. हौद्यावर अ‍ॅल्युमिनियमची टोपी, टोपीवर तंबू. आत प्लायचे दोन लांब खण मी स्वतः बनवले, एकात बंदूक, सुऱ्या, दोऱ्या, दुसऱ्यात चूल. (हसू नकोस, मिसळणाचा डबासुद्धा त्यातच.) मग फ्रिज. फ्रिजला बॅटरी. ती बॅटरी लिथियमची, शून्याखाली चार्जच घेत नाही, म्हणून तिला गोधडी. पुढे लोखंडी बंपर, त्यात विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढायची चरखी. दहा गॅलन पाणी, म्हणजे नुसतं पाणीच ८३ पौंड. चेन, फावडं, जॅक, मांसासाठी दोन मोठे कूलर.

आणि या कूलरमध्ये तीन वर्षांत फक्त बिअर! एल्क, म्हणजे इथलं सांबरासारखं मोठं हरीण, मी अजून एकही मारलेला नाही. आईला ‘कॅम्पिंग’ एवढंच माहीत आहे. माळकरी बाई, तिला कसं सांगू? आणि सांगायला आहे तरी काय? म्हाताऱ्याच्या जुनाट ट्रकमध्ये एक ताडपत्री, करवत आणि फावडं, पण त्याचं डीपफ्रीझर भरलेलं. गंमत अशी की १९६४च्या कायद्यानं राखीव केलेल्या रानात चाकाला बंदीच आहे, मांस ओढायची हातगाडीसुद्धा चालत नाही. पायवाट सुरू होते तिथे गाडी ठेवायची आणि जनावर पाठीवर आणायचं. म्हणजे माझा हा सगळा थाट गाडी उभी करण्यासाठी.

नवे पाटे बसवले आणि होतं तेवढ्या सामानानिशी, म्हाताऱ्यालाही बसवून, हायवेवरच्या ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर गेलो. आपल्या कारखान्याच्या काट्यावर आबा कसे मान वाकडी करून आकडा बघायचे, तसाच बघत होतो. इथे आत माणूसही नसतो, बटण दाबायचं आणि भोंग्यातल्या बाईला सांगायचं. चिठ्ठी आली: पुढे २,७६०, मागे ३,२८०, एकूण ६,०४० पौंड. दारावरचा स्टिकर म्हणतो, गाडीची मर्यादा ५,६००. चारशे चाळीस जास्त, जवळपास दोनशे किलो. आणि एल्कचं मांस, हाडं काढून दोनशे पौंडांच्या वर, अजून चढायचंच आहे!

दोनशे किलो म्हणजे पन्नासाची चार पोती, बाळ्या. चार.

तिथेच काट्यावर बसून राहिलो. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा हललो. पंचवीस वर्षं प्रत्येक लग्नात आपण भांडतोय, ती शेवटची चार पोती कुणी टाकायला लावली म्हणून. मीच. मामाची होती, गुलटेकडीची दुसरी खेप वाचवायची होती. तू म्हणालास, पाटा बसलाय, नको. मी म्हणालो, बसतात रे. आणि रात्री आबांना मीच सांगितलं की बाळ्यानं टाकली. तू तोंडातून शब्द काढला नाहीस. टेम्पोची किल्ली वर्षभर तुझ्या हातून गेली, आणि मी तुझ्याच सायकलवर डबलसीट कॉलेजला.

एवढंच सांगायचं होतं, पण त्यासाठी गाडी मोडावी लागली.

वैनींचं ऑपरेशन नीट झालं हे ताईकडून कळलं. पिंकी बारावीला ना? की झाली? गॅरेजचं नवं शेड पडलं का... म्हणजे उभं राहिलं का?

आता कामाचं. इथला मेकॅनिक म्हणतो, एक पाटा वाढवून घे, मागची बाजू खाली बसणार नाही. पण स्टिकरवरचा आकडा त्यानं वाढत नाही, ब्रेक तेच, अ‍ॅक्सल तोच. तू काय म्हणतोस? तंबू काढू की बंपर? बायको म्हणते, म्हाताऱ्याला काढ.

आबांना सांगायचं का, ते तू ठरव. पाट्याचं मात्र लगेच कळव, शनिवारी गाडी टाकायची आहे.

तुझा,
पोतीवाला