काकानू, तुमच्या कपाटातल्या कॅमेऱ्यासाठी

काकानू,
सप्रेम नमस्कार.

खरं तर हे तुमच्या ओटीवर बसून सांगायचं. पण समोर आले की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

२००७च्या आषाढात मी मालवणच्या बाजारातल्या तुमच्या स्टुडिओची पायरी चढले ती कॅमेऱ्याचं भाडं विचारायला. बाबांवर फिल्म करायची होती, त्यापुढचं काहीच ठाऊक नव्हतं. तुम्ही भाडं सांगितलंच नाही. ''चातुर्मासात लग्नां नाय. कॅमेरो कपाटातच असता. तुळशीच्या लग्नाआधी आणून दी,'' एवढंच म्हणालात. लग्नाच्या शूटिंगवर ज्याचं घर चालतं, त्याने आपला एकुलता एक सोनी पीडी १७० कुणा पोरीच्या हातात भर पावसात देणं म्हणजे काय, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

कपाटात तुम्ही चाळीसचा बल्ब दिवसरात्र जळत ठेवायचात, बुरशी येऊ नये म्हणून. कॅमेरा दमट हवेत आणला की पडद्यावर दव पडल्याची खूण येते आणि कॅसेट फिरत नाही. तेव्हा जबरदस्ती करायची नाही, तासभर तसाच ठेवायचा, हेही तुम्हीच शिकवलंत. त्यात लागणारी मिनी डीव्हीची छोटी कॅसेट साठ मिनिटांची, पण डीव्हीकॅम या रेकॉर्डिंगच्या पद्धतीवर टाकली की टेप वेगाने फिरते आणि चाळीसच मिनिटं मिळतात. माझ्याकडे पैसे सहा कॅसेटींपुरते होते. तरी तुम्ही डीव्हीकॅमच ठेवायला लावलंत. टिकायला तेच बरं, म्हणालात.

तुम्ही एकदाच देवबागला घरी आलात. पावसात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी, बंद, त्यामुळे बाबा मागल्या पडवीत जाळं तुणत बसलेले. आत काळोख, दारात पांढरा पाऊस. मी त्यांना दाराकडे पाठ करून बसवलं होतं; चेहरा काळाठिक्कर, मागे सगळ्या झेब्राच्या रेघा, म्हणजे उजेड फार झाल्याची कॅमेऱ्यातली खूण. मी हॅलोजन मागितला. तुम्ही पाट उचललात, बाबांना दाराच्या कडेला आडवं बसवलंत आणि उजेड त्यांच्या बोटांवर आणलात. गेन, म्हणजे कॅमेऱ्याने आतून वाढवलेला उजेड, शून्यावर. मग त्यांच्या सदऱ्यावर कागद धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल अशी जुळणी. पत्र्यावरच्या पावसात त्यांचा आवाज बुडत होता, तेव्हा कॉलरचा माइक सदऱ्याच्या आतून, छातीपाशी लावलात आणि स्वतःचे हेडफोन माझ्या कानावर घातलेत. मी झूमकडे हात नेला तर हलकेच बाजूला केलात. ''घाई करू नको गो. माणूस काय करता ता बघत ऱ्हव.''

मी बघत राहिले. सुई आत जाते, आंगठ्यावर दोरा अडतो, गाठ बसते. बाबा कॅमेऱ्यासमोर गप्प असायचे. पण इतका वेळ कुणी काही विचारलं नाही म्हणून असेल, कॅसेट अर्धी संपल्यावर आपणहून बोलायला लागले. आजोबांच्या काळी जाळी सुती असत, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावी लागत, नाहीतर खाऱ्या पाण्यात कुजत. नायलॉन आलं आणि घरातला तो वास गेला. मी त्यांची मुलगी, पण हे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या हातात झूम असता तर मी नक्कीच मध्ये काहीतरी केलं असतं.

कॅप्चरच्या, म्हणजे कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवण्याच्या, रात्री तर तुम्ही माझ्यासोबत जागलात. चाळीस मिनिटांची कॅसेट उतरायला चाळीस मिनिटंच लागणार, ती फायरवायरच्या केबलमधून येणार, जवळपास नऊ जीबी जागा खाणार, आणि मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. तुमचा इन्व्हर्टर चाललाच नाही तेव्हा तुम्ही दिव्याच्या उजेडात वीज येईपर्यंत बसून होता. त्यातून तेव्हा झालेल्या, चौघा मित्रांनीच पाहिलेल्या फिल्मबद्दल मी फार बोलत नाही. ती माझ्याकडून तेवढीच झाली होती.

बाबा २०१९ला गेले. गेल्या वर्षी फिल्म पुन्हा नीट कापावी असं मनात आलं, तर जुनी हार्ड डिस्क उघडेना. तुमच्याकडे आले. त्याच कपाटात सहाही कॅसेटी उभ्या ठेवलेल्या, पूर्ण मागे गुंडाळलेल्या, पाठीवर तुमच्या अक्षरात ''देवबाग - जाळां''. कॅमेराही चालू. आता कुणाच्या लॅपटॉपला फायरवायर नसतं, म्हणून तुम्ही तो जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढलात.

आज माझ्या फोनमधलं फोरके चित्र त्या डीव्हीच्या वीसपट मोठं असतं. डीव्हीच्या ७२० बाय ५७६ ठिपक्यांच्या चित्रात बाबांचा हात झरकन हलला की बोटांच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. मला ते घालवण्याचे उपाय सांगणारे बरेच भेटले. मी ते दाते तसेच ठेवलेत. बोटं ओळखू येतात, पाऊस ऐकू येतो.

एक काम मात्र तुम्हाला न विचारता केलं आहे. तेव्हा तुम्ही नाव घालू दिलं नव्हतंत. नव्या प्रतीत ''कॅमेरा'' या शब्दापुढे तुमचंच नाव आहे, आणि ते मी काढणार नाही. पेन ड्राइव्ह घेऊन या चातुर्मासात येते. काकूंना सांगा, जेवायला थांबेन.

तुमची,
देवबागची पोर