रोबोटिक्ससाठी लिनक्स बसवताना: लेकीस पत्र

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

रोबोटिक्सच्या गटात तुझी निवड झाल्याचे वाचून फार आनंद झाला. लॅपटॉपवर लिनक्स बसवण्याआधी एवढे पत्र सावकाश वाच.

उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराची कोणती आवृत्ती घ्यायची, हे रॉसकडे, म्हणजे रोबोटचे प्रोग्रॅम लिहिण्या-चालवण्याच्या सॉफ्टवेअर संचाकडे, पाहून ठरवायचे असते. रॉस २ ची हंबल ही आवृत्ती उबुंटू २२.०४ साठी बांधलेली आहे आणि जॅझी २४.०४ साठी, ही जोडी मोडून निव्वळ नवे म्हणून दुसरे उबुंटू बसवलेस, तर तयार पॅकेजेस मिळणार नाहीत आणि सगळे स्वतः बांधत बसावे लागेल. हंबलला मे २०२७ पर्यंत आधार आहे, जॅझीला मे २०२९ पर्यंत. म्हणून गटाचा रोबोट आधीपासून हंबलवर चालत नसेल, तर जॅझीच घे. इंटरनेटवरचे बरेच धडे अजून रॉस १ चे आहेत, आणि त्याच्या नोएटिक या शेवटच्या आवृत्तीचा आधार मे २०२५ मध्ये संपला. ज्या धड्यात ‘कॅटकिन’ हे रॉस १ चे कोड बांधण्याचे साधन दिसेल तो बाजूला ठेव, कारण रॉस २ मध्ये बांधणी ‘कोलकन’ने होते.

विंडोज ठेवणार असशील, तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घे आणि फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेव. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर उबुंटूच्या स्वतःच्या साधनातूनच बसव. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असताना तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या रीबूटला निळ्या पडद्यावर तोच मागतो. तो पडदा घाईने ओलांडलास, तर ड्रायव्हर बसूनही चालू होणार नाही.

सर्वांत जास्त जपायचे ते सिस्टिमचे पायथन. २४.०४ मध्ये पिपने, म्हणजे पायथनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने, थेट काही बसवू गेलीस की उबुंटू नकार देते, आणि तो नकार डावलण्याचा पर्यायही तिथेच सुचवते. तो वापरू नकोस. रॉसची साधने त्याच पायथनवर उभी आहेत, आणि एखाद्या लायब्ररीची वेगळी आवृत्ती वर बसली की कालपर्यंत चालणारा नोड (रॉसमधला एक छोटा चालता प्रोग्रॅम) आज का पडतो, हे शोधण्यात दिवस जातात. आधी ॲप्ट (उबुंटूचे पॅकेज बसवणारे साधन) आणि रॉसडेप (रॉसला लागणारी पॅकेजेस बसवणारे साधन) पाहा. तिथे नसेल तेच वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे सिस्टिमपासून अलग ठेवलेल्या पायथनच्या जागेत, घे.

मायक्रोकंट्रोलर जोडल्यावर परवानगी नाकारली, तर स्वतःला लिनक्सच्या ‘डायलआउट’ या वापरकर्ता-गटात घाल आणि लॉगआउट करून परत ये. दरवेळी सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणे) वापरण्याची सवय लावून घेऊ नकोस.

प्रयोगशाळेतल्या नेटवर्कबद्दल मात्र आग्रहाने सांगते. रॉस २ चे नोड एकाच नेटवर्कवर एकमेकांना आपोआप शोधतात, आणि डोमेन क्रमांक (एकमेकांना शोधणाऱ्या नोडांचा गट ठरवणारा आकडा) बदलला नाही तर तो सर्वांचा शून्यच असतो. अशा वेळी तू सिम्युलेशनसाठी पाठवलेली वेगाची आज्ञा शेजारच्या टेबलावरचा खरा रोबोट ऐकू शकतो, आणि त्याच्या चाकापाशी कोणाचा तरी हात असू शकतो. गटात ० ते १०१ मधील क्रमांक वाटून घ्या आणि आपापला क्रमांक बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत) लिहून ठेवा. एकटीच काम करत असशील, तेव्हा जॅझीत हा शोध स्वतःच्या संगणकापुरता मर्यादित करण्याची सोय आहे, ती वापर.

सगळे बसल्यावर दोन टर्मिनल उघडून, दोन्हींत रॉसची सेटअप फाइल ‘सोर्स’ आज्ञेने लागू करून, टॉकर (संदेश पाठवणारा) आणि लिसनर (ऐकणारा) हे नमुना नोड चालवून पाहा. काही अडले तर त्रुटीचा पूर्ण मजकूर पाठव, फक्त शेवटची ओळ नको; खरे कारण बहुधा बरेच वर असते.

तुझी,
आई