मोज्याखालची त्वचा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. बाळाची नाडी आणि रक्तातला प्राणवायू मोजणारा तो मोजा भेट आलाय आणि तू विचारतोस, "तू अशाच वस्तू तपासतेस, मग सांग, त्वचेला काही होणार नाही ना?" फोनवर 'होणार नाही बहुतेक' म्हणून मोकळी झाले असते. पण बहुतेकच्या पुढचं सांगायचंय, म्हणून लिहायला बसले.

त्वचेला लागणाऱ्या वैद्यकीय उपकरणांसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेची १०९९३ क्रमांकाची मानकांची मालिका आहे. तिचा २३वा भाग २०२१ मध्ये आला, तो फक्त दाहाच्या चाचण्यांबद्दल. पूर्वी हे सगळं सशांच्या त्वचेवर पाहत. लाली आणि सूज यांना गुण द्यायची पद्धत अमेरिकी शास्त्रज्ञ ड्रेझ यांनी १९४४ मध्ये मांडली होती. आता माणसाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेला त्वचेचा पातळ थर वापरता येतो. उपकरणाच्या त्वचेला लागणाऱ्या पट्ट्याचे तुकडे आम्ही मिठाच्या पाण्यात आणि वेगळे तिळाच्या तेलात ठेवतो, कारण काही द्रव्यं पाण्यात उतरतात, काही तेलातच. असा उतरलेला अर्क त्या थरावर १८ ते २४ तास राहतो. मग एक पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. नुसतं मिठाचं पाणी किंवा तेल लावलेल्या थराशी तुलना करून जांभळा रंग निम्म्यावर किंवा त्याखाली आला, तर पदार्थ दाहक. एकाही जनावराला न दुखवता हे उत्तर मिळतं, याचं मला अजूनही फार अप्रूप वाटतं.

अ‍ॅलर्जी मात्र वेगळी. दाह लगेच दिसतो. अ‍ॅलर्जीत शरीर आधी त्या द्रव्याला ओळखायला शिकतं आणि मग पुढच्या स्पर्शाला उठतं. म्हणून माणसांवरच्या पॅच टेस्टमध्ये तीन आठवडे पुन्हा पुन्हा पट्टी लावतात, मग सुमारे दोन आठवडे विश्रांती, आणि शेवटी नव्या जागी एकदा लावून बघतात. मधुमेहींच्या दंडावर चिकटवायच्या ग्लुकोज सेन्सरचं उदाहरण लक्षात ठेव. २०१७ मध्ये त्यांच्यामुळे उठणाऱ्या पुरळाचं मूळ सापडलं: आयसोबोर्निल अ‍ॅक्रिलेट. उपकरणाचे भाग जोडणाऱ्या गोंदातलं हे द्रव्य त्वचेपर्यंत झिरपत होतं. म्हणून 'त्वचेला लागणारा भाग सुरक्षित आहे' एवढ्यावर माझं समाधान होत नाही. आतली जोडणी, बॅटरीची खोबण, रंग, सगळंच विचारावं लागतं.

आणि या पॅच टेस्ट होतात मोठ्या माणसांवर. तान्ह्या बाळांना मुद्दाम पट्ट्या लावणं योग्यही नाही. पण त्यांची त्वचा आपल्यासारखी नसते. सर्वांत वरचा थर मोठ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के पातळ असतो. जन्मतः तिची आम्लता अगदी कमी असते, ती पुढच्या काही आठवड्यांत वाढते. शिवाय वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा, त्यामुळे जे आत शिरतं त्याचा वाटाही मोठा.

माझं खरं म्हणणं पुढे आहे. चाचणी पदार्थाची होते. बाळ मात्र वस्तू घालतं. रात्रभर घामाने ओला, पायाला आवळलेला, धुताना साबण राहून गेलेला मोजा कुठल्याच अर्कात उतरत नाही. मी पाहिलेल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी विषारी द्रव्य नव्हतं. ओलावा, दाब आणि घर्षण होतं. त्यात बाळ 'खाजतंय' म्हणून सांगू शकत नाही. आमच्या कामात मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट हीच.

तेव्हा वापरणारच असशील, तर पाय आलटून पालटून बदल. मोजा काढलास की पाय कोरडा करून थोडा वेळ उघडा ठेव. त्याखाली तेल, क्रीम, पावडर काही लावू नकोस. वाढत्या पायाला मोजा बघता बघता घट्ट होतो, ते तपासत जा. मोजा काढल्यावर लवकर मिटणारी वळी बहुधा दाबाची असते. लाली टिकली, फोड आले, पाणी सुटलं किंवा पुरळ मोज्याच्या कडेबाहेर पसरलं, तर मोजा बंद आणि डॉक्टरांकडे जा. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून नुसतं बघू नकोस, बोटं फिरव. ऊब, खरखर, फुगवटा हाताला आधी कळतो.

आणखी एक, हे त्वचेचं नाही, तरी लिहिते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०२२ च्या सूचनांत स्पष्ट म्हटलंय की झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका टाळायला अशा घरगुती यंत्रांवर विसंबू नका. बाळाला उताणं झोपवणं आणि अंथरूण सपाट, मोकळं ठेवणं याची जागा यंत्र घेत नाही.

खोक्यावरची बारीक अक्षरं आणि मोज्याच्या आतल्या बाजूचा फोटो पाठव. कापड कसलं, कडेचा गोंद कुठे आहे, ते पाहून पुन्हा लिहीन. बाळाला माझा पापा दे.

तुझी मैत्रीण