घरी मोटर बसवलेल्या सायकलला कागद कोण देणार?

संपादक महोदय,

सायकलला मोटर बसवून घ्यायला माझ्याकडे येणारा माणूस किंमत नंतर विचारतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘पोलीस तालांव (दंडाची पावती) देतील काय?’ मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर म्हणून नोकरी केली, निवृत्त झाल्यावर म्हार्दोळला सायकल दुरुस्तीचे दुकान टाकले. जन्मभर मायक्रोमीटर वापरला, पण या प्रश्नाला नेमके उत्तर देणे मला अजून जमत नाही. कायद्यात उत्तर आहे, ते कागदावर लिहून देणारा मात्र गोव्यात कोणी नाही. म्हणून हे पत्र.

आधी कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण त्याविषयी चुकीचे ऐकीव ज्ञान फार पसरले आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे. चारपेक्षा कमी चाके आणि २५ सीसीपर्यंतचे इंजिन असलेले वाहन या व्याख्येतून वगळले आहे. म्हणजे काजूच्या बागेत गवत कापायच्या हलक्या यंत्राचे २५ सीसीचे इंजिन कोणी सायकलवर चढवले, तर ती सायकल कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी नको, लायसन्स नको, विमा नको. ती धूर किती सोडते, ब्रेक लागतात की नाही, हे तिला या कायद्याखाली कोणी विचारणारही नाही.

आता बॅटरीवरची सायकल घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये तिच्यासाठीही सवलत आहे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती (सलग अर्धा तास टिकणारी) ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा, कमी हवी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा, बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त नको, ब्रेक योग्य हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. अटी शहाण्यासारख्या आहेत, माझी एकीविषयीही तक्रार नाही. अडचण शेवटी आहे. या सगळ्याची पडताळणी नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेने करून द्यायला हवी. त्यातल्या आपल्याला जवळच्या म्हणाव्या तर पुण्याच्या. आणि त्यांची सगळी पद्धत कारखानदारासाठी आखलेली : त्याने एक नमुना आणावा, तो तपासून घ्यावा आणि मग तशा हजारो गाड्या विकाव्यात. ज्याला आयुष्यात एकच सायकल बनवायची आहे, त्याची तिथे सोय नाही.

थोडक्यात, धूर सोडणाऱ्या सायकलला तपासणीवाचून मोकळीक, आणि आवाज न करणारी सायकल सगळ्या अटी पाळूनही कागदावाचून अडकलेली. गोवा सरकारने २०२१ साली इलेक्ट्रिक वाहनांचे धोरण जाहीर केले, त्या राज्यातली ही स्थिती आहे.

आमच्या भागात सकाळ-संध्याकाळ पाव घेऊन येणाऱ्या एका पोदेराचे उदाहरण देतो. वय साठीकडे झुकलेले. मागच्या कॅरिअरवर पावाची टोपली, वर निळे प्लास्टिक, हँडलला रबरी भोंपू. भरल्या टोपलीने फर्मागुडीचा चढ चढायचा म्हणजे उतरून सायकल ढकलायची. ‘पात्रांव, गुडघे गेले,’ म्हणाला. स्कूटर घे म्हणावे तर लायसन्स नाही आणि या वयात परीक्षा द्यायची तयारी नाही. शिवाय सायकल त्याची, हात बसलेला, गिऱ्हाइके तिच्या भोंपूला ओळखतात.

मी त्याला २५० वॅटच्या आतली हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटर, बसवून दिली. हे काम नुसते नट आवळण्याचे नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मोटर चाक पुढे फिरवते तेव्हा तिचा अॅक्सल तेवढ्याच जोराने उलटा फिरायला बघतो. साध्या सायकलीत फ्रेमच्या ज्या खाचेत अॅक्सल बसतो, ती खाच हा जोर सोसायला केलेलीच नसते. खाच फाकली की अॅक्सल गरकन फिरतो, मोटरची वायर पिळवटून तुटते, आणि मोटर पुढच्या चाकात असेल तर चाकच निखळते. त्यामुळे मी पोलादी पट्टी कापून तिच्यात दहा मिलिमीटरची खाच पाडतो, ती अॅक्सलच्या चपट्या बाजूंवर घट्ट बसवतो आणि पट्टीचे दुसरे टोक फ्रेमला बांधतो. याला टॉर्क आर्म म्हणतात. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त किटमध्ये ही पट्टी बऱ्याचदा नसते.

दुसरी गोष्ट ब्रेकची. जुन्या काळ्या सायकलीचे दांड्याचे ब्रेक कोरड्यात ठीक असतात, पण आपल्या पावसात ओल्या क्रोमच्या रिमवर रबर नुसते घसरते. त्यात चिऱ्याची लाल धूळ बसली की विचारूच नका. चढासाठी मोटर बसवली तरी जीव जातो तो उतारावर. मी पोदेराच्या मागच्या चाकाला हब मोटर आणि पुढच्या चाकाला ड्रम ब्रेक बसवला, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद पडेल असे लिव्हर लावले. जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून बॅटरी करून मागणारी तरुण मुले येतात, त्यांना मी परत पाठवतो. बॅटरी तयार, सुरक्षा सर्किट असलेलीच घ्यावी. रात्री ती घरात चार्जिंगला असते आणि शेजारच्या खोलीत पोरे झोपलेली असतात.

अशी सायकल घेऊन पोदेर निघाला आणि एका नाक्यावर अडवला गेला. पोलिसाला मी दोष देत नाही. त्याने चाकात मोटर पाहिली, नंबर प्लेट दिसली नाही, कागद मागितला. त्याच्या जागी मी असतो तर मीही मागितला असता. सायकल सोडली, पण पुन्हा दिसली तर जप्त करू असे सांगून. नोंदणी नसलेले मोटार वाहन ठरले तर पहिल्या गुन्ह्याला कलम १९२ खाली पाच हजारांपर्यंत दंड, लायसन्स नाही त्याचे वेगळे, विमा नाही त्याचे आणखी वेगळे. पाव विकून हा हिशेब जुळत नाही.

मग मीच एका सरकारी कार्यालयात गेलो. खिडकीवरचा माणूस म्हणाला, सायकलची नोंदणी होत नाही. मी म्हटले, मला नोंदणी नकोच आहे, हिला नोंदणी लागत नाही एवढे लिहून द्या. तो म्हणाला, तसे लिहून देता येत नाही. माणूस सौजन्याने बोलला, त्याचे उत्तरही नियमाला धरूनच होते. पोदेराने मात्र मोटरची वायर काढून ठेवली आणि तो पुन्हा सायकल ढकलू लागला.

सगळ्याच घरगुती सायकली निर्दोष असतात असे मी म्हणत नाही. ‘८० सीसी’ म्हणून विकली जाणारी टू-स्ट्रोक किट गोव्यातही येतात. सिलिंडर उघडून व्यास मोजा, ४७ मिलिमीटर भरतो, स्ट्रोक ३८. हिशेब केला तर ६६ सीसी येते. म्हणजे जाहिरात खोटी, आणि तरीही कायद्याच्या २५ सीसीच्या दुपटीहून जास्त. एके काळी घरोघरी दिसणारी लूना ५० सीसीची होती, तिलाही नंबर प्लेट होती आणि तिची फ्रेम मोटरसाठीच बांधलेली होती. साध्या सायकलीवर ६६ सीसीचे इंजिन टाकून सुसाट जाणाऱ्यांना पोलिसांनी जरूर अडवावे. बॅटरीवाल्यांतही चलाखी चालते. मोटरवर २५० वॅटचे स्टिकर असते आणि कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) १५ अँपिअरचा. ३६ व्होल्ट गुणिले १५, म्हणजे ५४० वॅट मोटरकडे जातात. स्टिकर वाचून काही कळत नाही, मीटर लावावा लागतो. म्हणून तपासणी हवी, असेच माझे म्हणणे आहे. तपासणीची सोय नसली की प्रामाणिक माणूस आणि चलाख माणूस पोलिसाच्या नजरेत सारखेच ठरतात.

आमच्या शेजारचा मुलगा इंग्लंडात स्विंडनला असतो (तिथे आता अर्धा गोवा आहे असे लोक गमतीने म्हणतात). त्याने सांगितले ते असे. तिथेही २५० वॅट आणि ताशी साडेपंधरा मैल, म्हणजे जवळपास आपलीच मर्यादा; पेडल मारत चालवायची तशी सायकल चौदा वर्षांवरचा कोणीही लायसन्सशिवाय चालवू शकतो. आणि कोणी घरी मोपेड किंवा मोटरसायकल बांधली तर त्या एकाच गाडीची तपासणी करून घेण्याची सरकारी सोय आहे. पास झाली की पुढची नोंदणी. घरी गाडी बांधणारा माणूस असू शकतो, हे तिथल्या नियमांनी धरून ठेवले आहे.

आपल्याकडे नियम १२६ मध्ये आणखी संस्था नेमायचा अधिकार केंद्र सरकारला आहे. फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ते किंवा राज्यातली दुसरी योग्य तांत्रिक संस्था फक्त अशा एकेका सायकलीच्या तपासणीसाठी नेमावी, असा प्रस्ताव राज्य सरकारने दिल्लीला पाठवावा. यंत्रसामग्री फार लागत नाही : वजनकाटा, वॅटमीटर, वेग मोजायचा रोलर, आणि पाणी मारून ब्रेक तपासायला थोडा उताराचा रस्ता. पास झालेल्या सायकलीच्या फ्रेमवर नंबर ठोकावा, कंट्रोलरला सील लावावे, मालकाला फोटोसह कागद द्यावा. कंट्रोलर नंतर बदलतील अशी शंका अधिकारी काढतील. सील तुटलेले दिसले की पोलिसाने सायकल खुशाल जप्त करावी. कारखान्यातून आलेल्या गाडीचाही कंट्रोलर लोक बदलतातच, तिथे तर सीलसुद्धा नसते.

केंद्राकडून उत्तर यायला वेळ लागेल हे मलाही कळते. पण एक काम राज्याच्या वाहतूक खात्याला आजही करता येईल. २५ सीसीचे कलम आणि २५० वॅटचा नियम मराठी, कोकणी आणि इंग्रजीत एका पानावर छापून प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि वाहतूक कार्यालयात लावावा. नाक्यावरच्या शिपायाला आणि पोदेराला एकाच वेळी तो वाचता आला, तर निम्मी भांडणे तिथेच मिटतील.

विम्याविषयीही त्याच पानावर दोन ओळी असाव्यात. मोटार वाहन नाही म्हणून तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा नाही, हे खरे. पण कोणाला धडक दिली तर भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागेल, आणि बेदरकारपणे चालवली तर भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सायकलस्वारालाही लागते. मी मोटर बसवून देताना हे तोंडी सांगतो. खात्याने लिहून सांगितले तर लोक जास्त ऐकतील.

तपासणीची सोय झाली तर पहिली सायकल मी पोदेराची आणीन, फीसुद्धा मीच भरीन. नापास झाली तर कशात झाली ते लेखी द्यावे, म्हणजे सुधारून पुन्हा आणता येईल.

आपला,
एक निवृत्त टर्नर, म्हार्दोळ, फोंडा