पोकरची पुस्तकं जरा बाजूला ठेव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. पोकरचं आणखी एक पुस्तक घ्यावं की सॉल्व्हरसमोर (योग्य चाल काढून देणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमसमोर) आणखी बसावं, असं तू विचारलंयस. माझं मत विचारशील तर सध्या दोन्ही नको. पॉट ऑड्स, म्हणजे पॉटमध्ये (मधोमध) जमलेल्या पैशांच्या मानाने आपण किती टाकायचे याचं गणित, तुला तोंडपाठ आहे. फ्लॉपवरचा (टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडल्यावरचा) फ्लश ड्रॉ, म्हणजे एकाच चिन्हाचे चार पत्ते असून पाचवा हवा असणं, रिव्हरपर्यंत (शेवटच्या पाचव्या पत्त्यापर्यंत) साधारण 35 टक्के वेळा लागतो, हे तू झोपेतून उठवलं तरी सांगशील. तुझं घोडं अडतं ते समोरच्याकडे काय असेल हे ठरवताना, आणि डाव संपल्यावर त्याचा अर्थ लावताना. या दोन गोष्टींवर डॉक्टरांनी, हवामानवाल्यांनी आणि संख्याशास्त्रज्ञांनी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त डोकं खपवलंय. शिवाय पोकरची गाजलेली पुस्तकं तुझ्या टेबलावरच्या सगळ्यांनीच वाचलेली असतात, त्यातून तुला वेगळं काय मिळणार?

सुरुवात वैद्यकीय निदानापासून कर. 1978 साली हार्वर्डमध्ये 60 डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारला होता. एक आजार हजारात एकाला होतो. त्याची चाचणी निरोगी माणसांपैकी 5 टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. आता एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली, बाकी काहीच माहीत नाही, तर त्याला खरंच आजार असण्याची शक्यता किती? सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर होतं 95 टक्के. खरं उत्तर सुमारे 2 टक्के, कारण हजार माणसांत खरा आजारी एक आणि चुकून पॉझिटिव्ह आलेले पन्नासेक. चाचणी काय म्हणते ते नंतर, आधी तो आजार मुळात किती जणांना असतो ते बघायचं, एवढंच यातून घ्यायचं आहे.

आता हेच टेबलावर आण. तुझ्या हातात राजांची जोडी आहे. समोरच्याने फ्लॉपच्या आधी जोरात रेझ केलंय (बेट वाढवलीय), आणि त्याच्याकडे एक्के, राण्या किंवा गुलामांची जोडी, नाहीतर एक्का-राजा असेल असं तू धरलंयस. फ्लॉपवर एक्का आणि दोन फुटकळ पत्ते पडतात. पोटात गोळा येतो ना? पण मोज. एक्का टेबलावर पडल्यामुळे एक्क्यांची जोडी आता तीनच प्रकारे जमते. दोन राजे तुझ्याकडे आहेत, म्हणून एक्का-राजा सहा प्रकारे. म्हणजे तुला हरवणारे 9. राण्या सहा प्रकारे, गुलाम सहा प्रकारे, म्हणजे तू ज्यांना हरवतोस ते 12. अजून तूच पुढे आहेस! मग तो 100 च्या पॉटमध्ये 50 ची बेट टाकतो. ही झाली चाचणी. एक्का असलेला प्रत्येक वेळी बेट करेल आणि राण्या-गुलामवाला अर्ध्याच वेळा, असं धर. म्हणजे 9 विरुद्ध 6. तू 40 टक्के वेळा पुढे आहेस आणि कॉल करायला, म्हणजे तेवढेच 50 टाकून टिकून राहायला, 25 टक्के पुरतात, कारण मग होणाऱ्या 200 च्या पॉटमध्ये तुझे 50. टर्न (चौथा पत्ता) आणि रिव्हरवर तो पुन्हा बेट करेल तेव्हाचा हिशोब वेगळा, पण एक्का दिसला की पत्ते टाकून द्यायची सवय त्या एका प्रश्नाने सुटते.

दुसरी गोष्ट मला याहूनही मोलाची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड नावाच्या गणितज्ञाने विमानांच्या नुकसानीचा अभ्यास केला. भोकं मोजता येत होती ती परत आलेल्या विमानांवरची. जी पडली, त्यांना गोळ्या कुठे लागल्या हे कुणालाच दिसत नव्हतं. परतलेल्यांवरून न परतलेल्यांचा अंदाज कसा बांधायचा, याची रीत त्याने बसवली. आता तुझ्या नोंदी आठव. ‘हा कधी ब्लफ करत नाही’ असं तू एखाद्याबद्दल लिहितोस ते कशावरून? शोडाउनला, म्हणजे शेवटी पत्ते उघडताना, त्याने दाखवलेल्या पत्त्यांवरून. पण ज्या ब्लफला सगळ्यांनी पत्ते टाकले, तो उलटून कुणी दाखवतं का? त्याचे यशस्वी ब्लफ तुझ्या नोंदीत येणारच नाहीत. म्हणून फक्त शोडाउन लिहू नकोस. रिव्हरवर त्याने किती वेळा मोठी बेट टाकली आणि सगळ्यांनी पत्ते टाकले, तेही लिही. चांगले पत्ते इतक्या वेळा कुणालाच येत नाहीत असं दिसलं, की तुला हवं ते उत्तर मिळालं.

गेम थिअरीच्या (समोरचा काय करेल ते धरून आपली चाल ठरवायच्या गणिताच्या) मागे मात्र लागू नकोस. गणितज्ञ फॉन नॉयमनने पोकरमधल्या ब्लफचं गणित मांडलं हे खरं, पण त्यातलं कामाचं तुझ्या सॉल्व्हरमध्ये आलेलंच आहे. समोरच्याचा चेहरा वाचायला शिकवणारी पुस्तकंही सोड. खोटं ओळखण्यावरच्या ढीगभर प्रयोगांचा एकत्रित आढावा 2006 साली आला, त्यात लोकांचा अंदाज सरासरी 54 टक्के वेळाच बरोबर निघाला. नाणं उडवूनही 50 मिळतात. त्यापेक्षा बेटचा आकार आणि आधीच्या चाली बघ.

वाचायचंच तर हवामानाच्या अंदाजांबद्दल वाच. 1950 साली ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानतज्ज्ञाने अंदाज तपासायची एक साधी पद्धत मांडली. तू 70 टक्के म्हणालास आणि तसं झालं, तर फरक 0.3, त्याचा वर्ग 0.09. तसं झालं नाही तर 0.7 चा वर्ग, 0.49. अशा सगळ्या आकड्यांची सरासरी काढायची, जितकी कमी तितकी चांगली. वहीत हेच कर. शोडाउन होण्याआधी मनात ठरव, ‘मी पुढे आहे, 60 टक्के’, आणि मग लिही काय झालं ते. पैसे आले की गेले याच्याशी या वहीचा संबंध नको. 1988 मध्ये बॅरन आणि हर्शी या संशोधकांनी दाखवलं होतं की शस्त्रक्रियेचा तोच निर्णय, रोगी वाचला असं सांगितलं की लोकांना चांगला वाटतो आणि दगावला म्हटलं की वाईट. तू प्रत्येक सत्रानंतर नेमकं हेच करतोस, आणि एवढा चांगला खेळणारा माणूस एका रिव्हरच्या पत्त्यापायी स्वतःला दोष देत रात्र काढतो हे मला बघवत नाही.

यशस्वी लोकांच्या चरित्रांना हात लावू नकोस, तिथेही परत आलेली विमानंच दिसतात. आणि तो राजांच्या जोडीचा हिशोब पुन्हा एकदा स्वतः मांड. समोरच्याकडे दहांची जोडीही असू शकते असं धरलं, तर तो आकडा कुठे जातो ते काढून कळव.

तुझा,
जिवलग मित्र