अर्धायुष्याचा आकडाही छापा

महोदय,

नव्या अतिजड मूलद्रव्याची बातमी ‘क्षणार्धात नष्ट होते’ एवढ्यावरच संपते, याची खंत वाटते. खरी गोष्ट तर तिथून पुढे आहे. रशियातील दुब्ना येथे तयार केलेल्या ओगानेसन-२९४ या अतिजड मूलद्रव्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रके नष्ट व्हायला लागणारा काळ, १ मिलिसेकंदाहूनही कमी. पण ते तेवढेच का?

वर्गात शिकवताना मी थोरियम-२३२ आणि पोलोनियम-२१२ असे दोनच बिंदू आलेखावर काढायला सांगत असे. अल्फा क्षयाची, म्हणजे केंद्रकातून दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉनचा अल्फा कण बाहेर पडण्याची, ऊर्जा पहिल्याची सुमारे ४ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक), दुसऱ्याची सुमारे ९. अर्धायुष्ये मात्र १४०० कोटी वर्षे आणि ०.३ मायक्रोसेकंद! साध्या आलेखकागदावर हे मावतच नाही. मुले थक्क होत. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमो यांनी १९२८ मध्ये याचा उलगडा केला. अल्फा कण ऊर्जेची भिंत चढून जात नाही, तिच्यातून आरपार निसटतो. कणाची ऊर्जा वाढली, की त्याच्यापुढची भिंत पातळ होते; आणि ती जरा पातळ झाली, की निसटण्याची शक्यता प्रचंड वाढते.

म्हणूनच अतिजड केंद्रकांचे भाकीत इतके नाजूक आहे. ऊर्जेचा अंदाज १ एमईव्हीने चुकला, तर अर्धायुष्य शेकडो पटींनी चुकते. प्रयोगात केंद्रक पकडायला वेळ किती मिळेल, हे याच गणितावर अवलंबून. क्षयाच्या ऊर्जेवरून अर्धायुष्य काढणारे १९६६ चे व्हायोला-सीबोर्ग सूत्र त्यासाठी आजही वापरात आहे.

यापुढे अशा बातमीत निदान क्षयाची ऊर्जा आणि अर्धायुष्य, हे दोन आकडे शेजारी शेजारी द्यावेत, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, सांगली