शाळेच्या छपरासाठी आवाहन (नुसता अंगठा देऊ नका, शेवटपर्यंत वाचा)

समस्त वाडीकर, मुंबईकर, विरारकर, डोंबिवलीकर बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

1 डिसेंबर 2021 पासून गावाकडचे पहिली ते चौथीचे वर्ग परत सुरू झाले. आजूबाजूच्या गावांतली पोरं शाळेत गेली, आपली देवळाच्या सभामंडपात बसतायत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात शाळेची कौलं गेली हे माहीत सगळ्यांनाच आहे, पण तेव्हा लॉकडाऊन, शाळा बंदच, त्यामुळे छप्पर गेलेलं कोणाला टोचलं नाही. लोकांना स्वतःच्या घराला पत्रे मिळेनात, महिनाभर लाईट नाही, शाळेकडे बघणार कोण. कमिटीने ताडपत्री टाकली होती ती यंदा मे महिन्यात तौक्ते वादळाने नेली. चिऱ्याच्या भिंतींनी दोन पावसाळे उघड्यावर काढले आणि ऑगस्टात पाठची भिंत बसली. आत कोण नव्हतं म्हणून वाचलो.

ही शाळा आपल्याला कोणी आयती बांधून दिलेली नाही. लालबागच्या गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे आपले आजोबा पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर वही घेऊन उभे राहायचे, त्या वहीतून ही शाळा झाली. गावात आज्यांनी खाणीपासून चिरे डोक्यावर आणले. खिडक्या-दरवाजे मोहल्ल्यातल्या चाचांनी दिले, एक पैसा घेतला नाही. 1967 च्या कोयनेच्या भूकंपातही भिंतीला तडा गेला नव्हता असं म्हातारी माणसं अजून सांगतात. 1982 चा गिरणी संप चालू, घरात चूल पेटायची मारामार, आणि तशात तात्यांनी परळच्या दामोदर हॉलला शक्तीतुऱ्याचा (दोन पार्ट्यांच्या सवाल-जवाबाच्या गाण्यांचा) सामना लावला, दारोदार तिकिटं खपवली आणि कौलं बदलली. बेस्टमधले अण्णा रिटायर झाले तेव्हा बाकं त्यांनी दिली. दुबईच्या पोरांनी कॉम्प्युटर पाठवला, तो वादळात भिजला, कीबोर्ड तेवढा राहिलाय.

आता जरा कडू बोलतो. देवळाच्या कळसाला आठ दिवसांत पैसे उभे राहिले. चांगलंच झालं, मीही दिले. शाळेचं जूनमध्ये ग्रुपवर टाकलं तर अंगठे आले 63 आणि पैसे चार घरांचे. त्यातली दोन घरं गावातलीच, ज्यांच्या सुपारीच्या बागा मुळासकट झोपल्या ती. सरकारने बागायतीला हेक्टरी 50 हजार दिले म्हणजे गुंठ्याला 500 रुपये, आणि आपल्याकडे बागा गुंठ्यातच. नवीन रोप धरायला सात-आठ वर्षं जातात. गावाकडे आणखी किती मागायचं?

काहींचं म्हणणं, जिल्हा परिषदेची शाळा आहे, सरकार बांधेल. प्रस्ताव गेलाय, फोटो गेले, टेप लावून मापं पण घेऊन गेले. तोवर दोन पालकांनी पोरं तालुक्याला इंग्लिश मीडियममध्ये घातली. पट घसरला की शाळा शेजारच्या गावात हलवायची भाषा सुरू होते, मग बांधून मिळाली तरी तिच्यात बकऱ्या बांधायच्या का?

हिशोबाचं घाईत लिहितोय, सांभाळून घ्या. घरटी 3000, दोन हप्ते चालतील, पहिला संक्रांतीपर्यंत आणि दुसरा शिमग्याला गावी आलात की, जास्त देणाऱ्याला अडवणार नाही. पाठची भिंत नवीन, सगळ्या भिंतींवरून सिमेंटचा बीम, कौलं नाहीत, लोखंडी कैच्या आणि त्यावर नटबोल्टने पत्रे, नुसते खिळे नकोत, वाऱ्याने काय होतं ते बघितलंय. शाळा समितीचा ठराव झालाय. 15 मेच्या आत काम झालं पाहिजे, नाहीतर तिसरा पावसाळा. पैसे मंडळाच्या खात्यातच भरा (नंबर ग्रुपवर वर पिन केलाय), कोणाच्या पर्सनल गुगल पेवर नकोत, मागच्या वेळी हिशोब लावता लावता खजिनदाराचं डोकं फिरलं. पावती मिळेल. 80जी (इन्कम टॅक्सची सूट) नाही, आधीच सांगतो. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी शिमग्याला चार दिवस जास्त राहून हात लावावा, वेल्डिंग येणारी पोरं तर पाहिजेतच.

रविवारी संध्याकाळी 5 वाजता मीटिंग, नेहमीच्या खोलीत. मागच्या मीटिंगला सात जण होतो, त्यातले तीन चहाला आलेले. चहा यावेळीही आहे.

आपला,
सेक्रेटरी